माझी घरपट्टी वाढवा

माझ्या घराला जेवढी घरपट्टी असायला हवी, तेवढी नाही. कमी आहे, चांगलीच कमी आहे. हे वर्तमानपत्रात लिहिणार म्हटल्यावर घरात कुणाला आनंद झाला नाही. मुलगा म्हणाला, "आई, लिही हवं तर, पण सोसायटीचं नाव छापू देऊ नकोस. लोक तुला लिफ्टमध्ये गाठतील." आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा जिन्यात गाठतील.

मी राज्यातल्या एका मध्यम आकाराच्या महापालिकेत करआकारणी विभागात होते. लिपिक म्हणून लागले, कर निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. महापालिकेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातले काही लोक अजून नोकरीत आहेत. हातात फीत, बगलेत रजिस्टर आणि टळटळीत दुपार, अशी निम्मी नोकरी गेली. दुपारी घरात बायका असतात आणि बाईमाणसाला दार लवकर उघडतं, म्हणून मोजमापाला साहेब मलाच पाठवायचे. काचा लावून बंद केलेली बाल्कनी, पोटमाळ्यावर काढलेली खोली, दिवाणखान्यात थाटलेलं ब्यूटी पार्लर, सगळं पाहिलं. घरात शिकवणी चालते का, असं कधी विचारायचं नसतं. दाराबाहेरच्या चपला बघायच्या.

आता पुण्यात राहते, १९८०च्या दशकात बांधलेल्या एका सोसायटीत. मुलगा बाणेरला, नव्या इमारतीत. दोघांच्या घरांचं क्षेत्रफळ जवळजवळ सारखंच. त्याची घरपट्टी माझ्या कित्येक पट. तो दर वर्षी विचारतो की हे कसं, आणि मी दर वर्षी त्याला सांगते. या वर्षी वाटलं, इतरांनाही सांगावं.

बहुतेकांचा समज असा की घराची आजची किंमत जितकी जास्त तितकी पट्टी जास्त. मुंबईत बऱ्याच अंशी तसं आहे. पुण्यात आणि राज्यातल्या बहुतेक महापालिकांमध्ये तसं नाही. इथे पाया आहे भाडं. हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला रास्त भाडं किती येईल, हे महापालिका ठरवते. तुम्ही भाड्याने दिलेलं असो वा नसो. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, उरतं ते वार्षिक करपात्र मूल्य. त्या मूल्यावर निरनिराळ्या करांची टक्केवारी लागते. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर त्याआधी भाड्यातच ४० टक्के सूट मिळते. ही सूट १९७० सालच्या ठरावाने आली. लेखापरीक्षणात आक्षेप निघाल्यावर ती मध्ये काही वर्षं बंद पडली, लोकांना फरकाच्या नोटिसा गेल्या, ओरड झाली आणि २०२३मध्ये राज्य सरकारने ती पुन्हा चालू केली.

आकडे घालून बघू. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, कुणाच्या बिलातले नाहीत. समजा घर ८०० चौरस फुटांचं आहे आणि ते आकारणीला आलं तेव्हा त्या भागाचा दर महिन्याला चौरस फुटामागे २ रुपये होता. महिन्याचं भाडं १,६०० रुपये, वर्षाचं १९,२००. स्वतः राहता म्हणून ४० टक्के गेले, उरले ११,५२०. दुरुस्तीचे १० टक्के गेले, करपात्र मूल्य झालं १०,३६८. सगळे कर मिळून याच्या निम्मे धरले तर वर्षाला ५,१८४ रुपये. आता तेवढंच दुसरं घर अलीकडे आकारणीला आलं आणि तेव्हा दर होता ७ रुपये. तोच हिशेब करत गेलात तर उत्तर येतं १८,१४४ रुपये. घंटागाडी दोघांकडे तीच आणि दिव्याचे खांब तेच.

गोम आहे "आकारणीला आलं तेव्हा" या शब्दांत. इमारत पहिल्यांदा रजिस्टरात चढली त्या वर्षीच्या दराने मूल्य ठरलं आणि तिथेच राहिलं. कायद्याला हे अभिप्रेत नाही. महापालिका अधिनियमाच्या नियमांप्रमाणे आकारणीची यादी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते. नगरपालिकांमध्ये हिला चतुर्वार्षिक आकारणी म्हणतात आणि तिथे ती निदान मोर्चे निघण्यापुरती तरी होते. मोठ्या शहरांत जुन्या मूल्याला हात लावायची हिंमत कुणी करत नाही. पैसे कमी पडले की करांची टक्केवारी वाढवतात. म्हणजे वरच्या उदाहरणात दहा टक्के वाढ केली तर जुन्या घराला पाचशे रुपये जास्त, नव्याला अठराशे. दरी आहे तशीच राहते आणि रुपयांत मोजली तर रुंदावते. मतदारयादीत जुन्या पेठांची नावं पिढ्यानपिढ्या असतात. नव्या इमारतीतल्या निम्म्या लोकांचं नाव अजून गावच्या यादीत. हे मला कुठल्या अभ्यासात सापडलेलं नाही. घरोघर हिंडून दिसलेलं आहे.

सुरुवात मात्र राजकारण्यांनी केली नव्हती. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांचं प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० रोजी जे होतं तिथे गोठवलं. युद्ध आणि फाळणीच्या काळात ते गरजेचं असेल. पण पुढे न्यायालयाने सांगितलं की करासाठी धरायचं भाडं या प्रमाण भाड्याहून जास्त असू शकत नाही. दिवाण दौलतराय कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मालक स्वतः राहतो त्या घरालाही लावलं. झालं. गिरगावातल्या चाळीचा कर चाळीसच्या दशकातल्या भाड्याला बांधला गेला आणि शेजारच्या नव्या टॉवरने बाकीचा भार उचलला. १९९९चा नवा भाडेनियंत्रण कायदा २०००मध्ये लागू झाला, पण तोवर शहरांच्या रजिस्टरात पन्नास वर्षांची विषमता मुरली होती.

मुंबईने यातून बाहेर पडण्यासाठी १ एप्रिल २०१०पासून भांडवली मूल्याची पद्धत आणली. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकातला, दर घ्यायचा, त्याला क्षेत्रफळाने गुणायचं, मग वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, मजला यांचे भारांक लावायचे. तत्त्व म्हणून मला ही पद्धत आवडते. दर पाच वर्षांनी मूल्य आपोआप सुधारतं, कुणा निरीक्षकाच्या मर्जीवर राहत नाही. पण पहिल्याच दिवशी तिला कुबड्या दिल्या. निवासी घराची पट्टी दुपटीहून जास्त वाढणार नाही आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची पाच वर्षं वाढणारच नाही. मोकळ्या जमिनीवर उद्या किती बांधता येईल हे धरून कर लावण्याची महापालिकेची हौस आधी उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडून काढली. जमीन आज जशी आहे तसाच तिचा कर, असं न्यायालय म्हणालं, आणि ते मला पटतं. जे बांधलंच नाही ते मोजायला मी फीत कुठे लावणार?

मुंबईतली घरपट्टी आता महाराष्ट्रभर गाजते ती मात्र पद्धतीमुळे नाही, माफीमुळे. १ जानेवारी २०२२ला ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर पूर्ण माफ करण्याची घोषणा झाली. सुमारे १६ लाख घरांना तिचा लाभ मिळाला. तेव्हापासून कुठल्याही महापालिकेची निवडणूक जवळ आली की "आमच्याकडे पण ५०० फूट" सुरू होतं.

गरिबाला सवलत मिळू नये असं मी म्हणणार नाही. पण फूट मोजून गरिबी मोजता येत नाही. दादरला ४८० फुटांच्या घराची किंमत काही कोटींत जाते, त्याला पट्टी शून्य. विरारकडे जाणाऱ्या गाडीला लटकून घरी येणाऱ्या माणसाचं दहिसरचं घर ५२० फुटांचं, त्याला पूर्ण बिल. भांडवली मूल्याची पद्धत हातात असताना सवलत मूल्यावर द्यायची की क्षेत्रफळावर, हा साधा विचार होता. क्षेत्रफळ निवडलं, कारण घोषणेच्या फलकावर ५०० हा आकडा छान बसतो.

आमच्या सोसायटीतली गोष्ट सांगते. ४० टक्के सूट टिकवायची तर पुण्यात पीटी-३ हा अर्ज भरून द्यावा लागतो, सोबत आपण स्वतः राहतो याचा पुरावा. सोसायटीचं पत्रही चालतं. मी कार्यकारिणीवर आहे. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ संध्याकाळी आले. त्यांचा फ्लॅट आयटीतल्या तीन मुलांना भाड्याने दिलेला आहे, हे पार्किंगमधल्या स्कूटरींनाही ठाऊक आहे. म्हणाले, "काकू, एक सही. तुम्ही तर त्याच खात्यातल्या, तुम्हाला सगळं माहितीच आहे." मी म्हटलं, "माहीत आहे म्हणूनच सही करणार नाही." त्यांनी दुसऱ्याची सही मिळवली. आता जिन्यात भेटले की ते मोबाइलमध्ये बघतात. हे गृहस्थ चांगले आहेत हो. वर्गणी पहिल्या दिवशी देतात, गणपतीत आरतीला टाळ वाजवतात. पण महापालिकेचे पैसे बुडवणं म्हणजे कुणाचे तरी बुडवणं, हे त्यांच्या मनात येतच नाही. महिन्याला हजारोंचं भाडं घेणारा माणूस वर्षाकाठी काही हजारांच्या सुटीसाठी खोटं लिहून देतो, आणि त्याला ते खोटं वाटत नाही.

का वाटत नाही? बिल हातात घ्या. सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशामक कर, वृक्ष कर, पाणी आणि सांडपाण्याचे लाभ कर, पथकर, शिक्षण कर. शहरागणिक नावं थोडी बदलतात. प्रत्येकासमोर एक आकडा आणि खाली बेरीज. या ओळींचं पुढे काय होतं हे कुणीच सांगितलेलं नसतं. आमच्या खिडकीवर येणाऱ्या लोकांपैकी कितीतरी जणांना माहीत नसायचं की यातला शासनाचा शिक्षण कर महापालिका फक्त गोळा करते, तो जातो राज्याच्या तिजोरीत. ओरड मात्र आमच्या नावाने.

दुकान किंवा कार्यालय असेल तर बिलात आणखी एक ओळ असते, रोजगार हमी कर. माझी ही आवडती ओळ. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना, १९७२च्या दुष्काळात तिने धरलेला जोर, १९७७चा कायदा, हे शाळेत शिकवतात. पण त्या योजनेचा पैसा यायचा कुठून, याचं एक उत्तर शहरातल्या घरपट्टीच्या बिलात छापलेलं आहे, हे कुणी शिकवत नाही. लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानाने भरलेल्या करातून माण-खटावकडे पाझर तलावावर काम करणाऱ्या बाईची मजुरी निघत होती. देशभरची रोजगार हमी त्यानंतर पाव शतकाहून जास्त काळाने आली. एका दुकानदाराला मी हे समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग हे मोठ्या अक्षरांत छापा की! शिव्या देताना निदान ती ओळ सोडून देईन."

आणि सर्वसाधारण कर? तो सगळ्यात मोठा आणि त्याला ठरावीक काम नेमून दिलेलं नाही. रस्ता, दिवे, प्राथमिक शाळा, दवाखाने, स्मशानभूमी, सगळं त्यात. पुण्याचं नायडू रुग्णालय घ्या. संसर्गजन्य रोगांचं, महापालिकेचं. एरवी तिकडे कुणी फिरकत नव्हतं. ९ मार्च २०२०ला राज्यातले पहिले करोना रुग्ण पुण्यात सापडले आणि त्यांना तिथेच ठेवलं. ज्या वर्षांत त्या खाटांची कुणाला आठवण नव्हती, त्या वर्षांतही तिथल्या परिचारिकांचे पगार, धुलाई, डागडुजी चालू होती. तो पैसा लाखो लोकांनी कुरकुर करत भरलेल्या करातून आला. रिकामी खाट सांभाळणं खासगी रुग्णालयाला परवडत नाही. ते काम नगरपालिकेचंच.

पैसा चुकीच्या ठिकाणी जातो, हा आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे. तो जुनाही आहे. जोतीराव फुले १८७६पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून स्वागताला हजार रुपये खर्चायचं ठरलं तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटे. मंडईची टोलेजंग इमारत बांधण्यापेक्षा तो पैसा शिक्षणाला द्या, असंही त्यांचं म्हणणं होतं. इमारत झालीच, तिला लॉर्ड रे यांचं नाव दिलं गेलं, आणि आज तिचं नाव महात्मा फुले मंडई आहे. यात नगरपालिकेने केलेली चेष्टा की प्रायश्चित्त, ज्याने त्याने ठरवावं. मला एवढंच दिसतं की फुल्यांनी कर भरू नका असं सांगितलं नाही. खर्चाच्या ठरावापाशी जाऊन हात वर केला. मध्ये काही वर्षं तर तो हात वर करायलाही माणूस नव्हता. मार्च २०२२मध्ये मुंबई आणि पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकाने अंदाजपत्रक मांडायचं आणि प्रशासकानेच मंजूर करायचं, असं चाललं. त्या काळात "आमच्या कराचं काय करता" हे सभागृहात विचारणारं कुणी नव्हतं.

थकबाकीचा हिशेब तर आणखी गमतीचा. मुदतीत कर भरला नाही की महिन्याला २ टक्के शास्ती लागते. वर्षाला २४. काही वर्षांत मूळ रकमेपेक्षा शास्ती मोठी होते आणि कागदावर थकबाकीचा डोंगर उभा राहतो. वर्तमानपत्रं तो आकडा छापतात. त्यातला किती वसूल होणार नाही हे आम्हा रजिस्टर लिहिणाऱ्यांना माहीत असायचं. कोर्टात अडकलेलं, दोन नावांवर दोनदा चढलेलं, पाडलेल्या घराचं. मग येते अभय योजना. पुण्यात २०२०च्या शेवटी शास्तीत ८० टक्क्यांपर्यंत सूट दिली. करोनाचं वर्ष होतं, समजू शकते. पण अभय योजना काही एका वर्षाचं प्रकरण नाही. एकदा आली की लोक पुढच्या योजनेची वाट बघायला शिकतात. मे महिन्यात कर भरून सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सूट घेणारा शिस्तीचा माणूस आणि पाच वर्षं न भरता ८० टक्के शास्ती वाचवणारा, यांत शहाणा कोण ठरला?

पिंपरी-चिंचवडमध्ये याहून मोठं नाटक झालं. अनधिकृत बांधकामाला मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावायची तरतूद कायद्यात आली. गुंठा-अर्धा गुंठा जमीन घेऊन घरं बांधलेल्या कामगारांना ती भरणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी मूळ करही भरायचा थांबवला. आधी ६०० चौरस फुटांपर्यंत माफी, मग १,००० फुटांपर्यंत, शेवटी २०२३मध्ये सगळ्यांनाच. प्रत्येक टप्पा एखाद्या निवडणुकीच्या आसपास. जी शास्ती वसूल होणार नाही हे ठाऊक आहे ती लावायचीच कशाला? माफ करता यावी म्हणून, असा संशय मला नोकरीत असल्यापासून आहे.

आमच्याकडे एका माजी नगरसेवकाचं मंगल कार्यालय रजिस्टरात गोदाम म्हणून चढलेलं होतं. मी मोजमाप करून वापरबदलाचा अहवाल दिला. हरकत आली, सुनावणी लागली, पुढे ढकलली, पुन्हा ढकलली. साहेब म्हणाले, "बाई, ते दार सोडा. त्याऐवजी मार्चएंडला शंभर छोटी दारं वाजवा, टार्गेट होतं." मी वाजवली. छोट्या दारांत लोक भरतात. पाणी तोडतील, दारात बँड लावतील, शेजारी बघतील, याची त्यांना लाज वाटते. मंगल कार्यालयात बँड रोजच वाजतो.

जकात होती तोवर हे सगळं खपून गेलं. नाक्यावर ट्रक थांबायचा, रोख पैसा यायचा, घरपट्टीकडे कुणी गंभीरपणे बघत नव्हतं. पुण्यात २०१३मध्ये जकातीच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, दोन वर्षांत तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता संपला. मुंबईची जकात जीएसटीबरोबर १ जुलै २०१७ला गेली. त्याची भरपाई राज्य सरकार महापालिकांना दर महिन्याला देतं, वर्षाला ८ टक्के वाढ धरून. रक्कम चांगली आहे, पण ती मंत्रालयातून येते. महापालिकेचा स्वतःचा म्हणावा असा मोठा, दर वर्षी हमखास येणारा कर आता एकच उरला आहे, घरपट्टी. तोच माफ करत सुटलो की उरतं काय? बांधकाम परवानग्यांचं शुल्क. म्हणजे शहर चालवायला पैसा हवा तर आणखी टॉवरना परवानगी द्या. आपल्या टेकड्यांवर आणि नाल्यांवर इमारती का चढतात, याचं एक कारण इथे आहे. माझी कमी घरपट्टी स्वस्त नाही. तिची बाकीची किंमत मुठेच्या पात्राने भरली आहे.

केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अटच घातली की मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करा आणि राज्याचं उत्पन्न ज्या वेगाने वाढतं त्या वेगाने वसुली वाढवा. म्हणजे दिल्ली म्हणते वाढवा, मुंबई म्हणते माफ करा, आणि मधल्या खिडकीवर बसलेली लिपिक दोघांच्या परिपत्रकांच्या फायली करते.

मला ठाऊक आहे, सर्वांत अवघड प्रश्न माझ्यासारख्यांचा आहे. निवृत्त, जुनं घर, घराची किंमत कोटीत आणि हातात पेन्शन. पेठेतल्या वाड्यात एकटी राहणारी म्हातारी तर त्याहून अडचणीत. तिची पट्टी एका वर्षात तिप्पट करणं क्रूरपणा होईल. पण म्हणून तिच्यासाठी सगळ्या जुन्या घरांचं मूल्य गोठवायचं, म्हणजे तिच्या पदराआड तीन-तीन फ्लॅटवाल्यांनी लपायचं. मूल्य सुधारा, वाढ पाच-सहा वर्षांत पसरवा, आणि ज्यांना खरोखर भरणं शक्य नाही त्यांच्या वाढीव रकमेची नोंद मिळकतीवर ठेवा. घरपट्टीचा बोजा मिळकतीवर असतोच, कायद्यात ते आधीपासून आहे. म्हातारी असेपर्यंत तिला कुणी त्रास द्यायचा नाही, शास्तीही लावायची नाही. घर विकलं किंवा बिल्डरला दिलं की तेव्हा ती रक्कम वळती करून घ्यायची. वारसांना जड जाईल, जाऊ दे. वारसांना घरही मिळतंच आहे.

"आधी रस्ते नीट करा, मग कर मागा," असं माझा मुलगा म्हणतो. त्याचं दुखणं खरं आहे, तो जास्त भरतो आणि त्याच्याकडे टँकर येतो. समाविष्ट गावांचं तर विचारूच नका. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला, महापालिकेत आल्यावर त्यांना महापालिकेची पट्टी लागली आणि शेवटी २०२४मध्ये त्यांची वेगळी नगर परिषद करावी लागली. त्यांनी कर नाकारला तर मी त्यांना दोष देणार नाही. पण मुलाला मी म्हणते, तू टँकरला वर्षाला जे देतोस ते मोज. ती तुझी खरी पाणीपट्टी आहे, आणि तिचा हिशेब मागायला तुला कुठलंही सभागृह नाही.

करांचे दर पुढच्या वर्षासाठी २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. त्या बैठकीत कुणी पुनर्मूल्यांकनाचा विषय काढेल अशी माझी फारशी आशा नाही. त्याआधी एक सोपं काम करता येईल. बिलावर चार गोष्टी छापा. माझ्या घराचं रजिस्टरातलं क्षेत्रफळ, ते कोणत्या वर्षी कोणत्या दराने आकारलं, त्याच भागात आज नवं घर आलं तर त्याला कोणता दर लागेल, आणि यातले किती रुपये राज्याकडे जातात. सोसायटीच्या फळ्यावर शेजारी शेजारी दोन बिलं लागली की बाकीचं लोक आपापसात बोलतील. याला कायदा बदलावा लागत नाही, मंत्रालयात जावं लागत नाही. आयुक्तांनी बिलाचा छापील नमुना बदलायचा, बस्स. एप्रिलची बिलं मार्चमध्ये छापायला जातात, तेव्हा वेळ आहे.